पगारे मॅडमचा हरवलेला जीवाणू

रोहिणी पगारे मॅडमच्या घरी चहाला गेलात तर कप हातातून सोडायचा नाही. कप टेबलावर टेकला रे टेकला की मॅडम तो उचलतात, विसळतात आणि जाळीवर उपडा घालतात. शेवटचा घोट राहिला असेल तर तो तुमचा गुन्हा. सातपूर कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक वस्तू जागा सोडून दिसायची नाही. त्यांच्या आई सुलाबाई मूळच्या नांदगावकडच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी आपली मोडकी छत्री, बिनझाकणाचा डबा आणि दोन जुने चष्मे पलंगाखाली पार मागच्या भिंतीशी दडवून ठेवलेत. "पोरगी लय गुणाची हाय माझी," त्या शेजारणींना सांगतात, "पण एक दिवस मलाबी भंगारात देईल बघा."

अशा बाईनं आयुष्यभर काय शोधावं? घाण! आता याला काय म्हणायचं?

मॅडम शहरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. वय चाळीस, नेमणूक अजून तासिका तत्त्वावर. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि पीएचडी करायला वेळ हवा. तो मॅडमकडे कुठून असणार? कॉलेजात कसलीही समिती निघाली की प्राचार्य निरगुडे सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पगारे मॅडम आहेतच की." नाही म्हणणं मॅडमना जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी दुसऱ्यानं केलेलं काम त्यांना पसंतही पडायचं नाही. लग्नाचा विषय निघाला की "पीएचडी होऊ द्या," असं म्हणत म्हणत स्थळं यायची थांबली. पीएचडी मात्र थांबूनच होती. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ आता अगदी शेवटची होती. पुढचं वर्ष उलटलं की विषय बंद.

आणि नेमकं अशा वेळी मॅडमना घबाड सापडलं.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हर्षल कुटे म्हणून त्यांचा एक जुना विद्यार्थी क्रोम प्लेटिंगचं वर्कशॉप चालवतो. सूक्ष्मजीवशास्त्रात तो कसाबसा पास झाला आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या वर्कशॉपात जाऊन बसला. नळाच्या तोट्या, मोटारसायकलींचे पार्ट चकाचक करून द्यायचे हा धंदा. चकाकी गिऱ्हाइकाला जायची आणि धुवण वर्षानुवर्षं मागच्या मोकळ्या जागेत. ती माती पार पिवळट पडली होती. तिथं गाजरगवतसुद्धा उगवत नव्हतं, म्हणजे बघा! मॅडमनी नाकाला रुमाल लावून तिथली थोडी माती आणली. पाण्यात घोळवली, पातळ केली आणि क्रोमियम घातलेल्या खाद्याच्या काचेच्या प्लेटांवर पसरवली. कोण जगतंय ते बघू म्हटलं.

जगलेल्यांत बहुतेक मंडळी ओळखीचीच निघाली. पण एक ठिपका काही केल्या उगवायचीच घाई करेना. बाकीचे चार दिवसांत पसरून मोकळे झाले आणि हे महाशय दोन आठवड्यांनी डोळे किलकिले करून बाहेर आले. मोहरीच्या दाण्याएवढे, फिकट नारिंगी, कड जरा कुरतडलेली. मॅडमनी त्यांना वेगळं काढलं, पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर ओढून शुद्ध केलं आणि त्यांचा डीएनए पुण्याला तपासायला पाठवला. उत्तर आलं की या गृहस्थांचं जगात कुणाशीच पुरतं जुळत नाही. जवळचे म्हणावेत ते नातेवाईकही चांगलेच लांबचे. म्हणजे नवी जात! आजवर कुणी न पाहिलेली!

मॅडम घरी येऊन स्वयंपाकघरात नाचल्या. अहो, खरंच नाचल्या. सुलाबाईंनी गॅस बारीक केला आणि विचारलं, "कुठं नोकरी लागली का?"

"आई, नवीन जीवाणू सापडलाय. नाव मी द्यायचं!"

"सापडला कुठं?"

"हर्षलच्या वर्कशॉपमागं. त्या घाणीत."

"मग चांगलंसं दे बाई नाव," सुलाबाई म्हणाल्या. "जन्मच तसल्या जागी झाला त्याचा."

नावाची बातमी कॉलेजात पसरली आणि जो तो बारशाला आल्यासारखा सूचना करू लागला. स्वतःचं नाव स्वतःच्या जीवाणूला द्यायचं नाही असा या शास्त्रात शिष्टाचार आहे, त्यामुळे मॅडमचं नाव आपोआपच बाद झालं. निरगुडे सरांना मात्र फार आनंद झाला. कॉलेजचंच नाव द्यायचं, लॅटिनमध्ये, असं त्यांनी मनात पक्कं केलं. कॉलेजला ग्रेड देणारी तपासणी समिती येऊ घातली होती. समितीपुढं दाखवायला जागतिक कीर्तीचा जीवाणू मिळत असेल तर कोण सोडतो?

पण नाव असं हवेत देता येत नाही. जीवाणू जिवंत हवा. त्याची वाढलेली नळी दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करायची आणि ती तिथं जगली असं दोघांनी लिहून द्यायचं. तोवर कागदावर कितीही पुरावे असोत, जात नवी नाही आणि पीएचडीही नाही. मॅडम नळ्या पाठवायच्या तयारीतच होत्या. तेवढ्यात निरगुडे सरांनी स्वच्छता व सुशोभीकरण समिती नेमली आणि चष्म्यावरून पाहिलं.

झालं! मॅडमच्या अंगात वारं शिरलं. नळ्या तपासणी समिती येऊन गेल्यावर पाठवू म्हणाल्या. पडदे धुतले गेले, जिन्याखालची बाकं भंगारात गेली, एकूण एक कपाट रिकामं करून पुन्हा भरलं गेलं. दारापुढच्या खडकाळ जागेवर लॉन करायचं ठरलं. मॅडमनी ट्रॅक्टरवाल्याला फोन करून फर्मावलं, "मऊ माती पाहिजे, खडा दिसता कामा नये, आणि उद्याच पाहिजे." तो म्हणाला, "मॅडम, अशी चाळल्यासारखी माती देतो, बघत राहाल."

त्या फोनच्याच वेळी प्रयोगशाळेतले पुंजाभाऊ दारात येऊन उभे राहिले. पुंजाभाऊ पंचवीस वर्षांपासून काचसामान धुतात आणि सांगितलेलं काम तंतोतंत करतात. जुना फ्रिज जाऊन नवा येणार होता. जुन्यातल्या प्लेटा आणि नळ्यांचं काय करायचं ते विचारायला ते आले होते.

"उकळून टाकून द्या," मॅडम फोनवर हात ठेवून म्हणाल्या.

"सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या, पुंजाभाऊ! एक जुनी नळी दिसता कामा नये."

पुंजाभाऊंनी एक जुनी नळी दिसू दिली नाही.

तपासणीच्या गडबडीत मॅडमनी नवा फ्रिज उघडला तो थेट तीन आठवड्यांनी. आत लख्ख उजेड, रिकामे कप्पे, कसला म्हणून वास नाही. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. मग पायाखालची जमीनच सरकली. त्या तशाच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पुंजाभाऊ, माझा तो नारिंगी..." पुंजाभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना बोल लावायला तरी कुठं जागा होती? दार लावून मॅडम रडल्या. मुसमुसून वगैरे नाही, चांगल्या मोठ्यानं रडल्या. आणि रडून झाल्यावर ओटा पुसून घेतला.

अजून सगळं संपलं नव्हतं. जीवाणू गेला तरी माती होतीच की! मॅडमनी चमचा, पिशव्या घेतल्या आणि स्कूटर थेट सातपूरला काढली. हर्षल हसतच बाहेर आला. "या मॅडम, तुमचीच आठवण काढत होतो. मागं या, एक गंमत दाखवतो."

मागं जाऊन बघतात तर पेव्हर ब्लॉक! लाल आणि राखाडी, नक्षी काढून बसवलेले. कोपऱ्यात चार कुंड्या, धुवणाला नवी टाकी, एक झोपाळासुद्धा.

"माती कुठाय?" मॅडमचा आवाज चिरकला.

"उचलली ना सगळी! मागच्या खेपेला तुम्हीच झापलं होतं मला. अशा घाणीत माणसं राबवतोस, लाज नाही वाटत म्हणालात. मला लागलं ते. पार खाली मुरूम लागेपर्यंत खोदून काढली."

झापलं होतं खरं. चांगलं अर्धा तास झापलं होतं. मॅडम झोपाळ्यावर बसल्या. झोपाळा हलला, तशा पाय रोवून पुन्हा बसल्या. "आणि ती माती? अशी माती कुठंही टाकता येत नाही हर्षल. ती द्यायची ठिकाणं ठरलेली असतात."

हर्षल मान खाजवू लागला. "तसं विचारलं होतं मी. पण एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, मऊ आहे, भरावाला नेतो."

"फोन लाव त्याला. आत्ता."

हर्षलनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ट्रॅक्टरवाला खुशीत होता. ती माती होय? ती तर लगेच गेली. कॉलेजात लॉन करताहेत ना, तिथं टाकली सगळी. एक पगारे मॅडम आहेत, त्यांना चाळल्यासारखीच माती पाहिजे होती.

हर्षलनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पेव्हर ब्लॉककडे पाहिलं. आणि मॅडमना हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसू कुठं गेलं ते त्यांनाही कळलं नाही. कारण त्या लॉनवर पोरं डबे खात होती.

लॉन तसंही रुसलेलंच होतं. गवताच्या लाद्या अंथरल्या त्या दिवशी सरांनी फोटो काढून घेतला होता, पण पुढच्या आठवड्यातच मधला भाग पिवळा पडला. माळी पाणी वाढवत होता, खत वाढवत होता. गवत काही ऐकेना. का ऐकेना, ते आता जगात फक्त मॅडमना ठाऊक होतं.

त्या दुपारी मॅडमनी दोन कामं केली. हातमोजे घालून लॉनची कड उचकटली आणि खालची माती घेतली. आणि ठळक अक्षरांत पाटी लावली, 'लॉनवर बसू नये.' सगळ्यांना वाटलं, मॅडमना गवताची काळजी. पोरांनी कुरकुर केली आणि डबे घेऊन जिन्यावर गेली. मातीत काय आहे ते मॅडमनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी त्याच दिवशी माती उचलून लांब कुठंतरी फेकली असती. आणि प्लेटांवर पुन्हा नारिंगी ठिपका उगवेल याची काय खात्री? पहिल्या वेळी तो नशिबानं हाती लागला होता. या खेपेला हुकला तर पुन्हा खणायला माती हवीच. समिती जाईपर्यंत गप्प बसायचं, तोवर प्लेटा बघायच्या, मग सांगायचं. बेत अगदी मॅडमसारखाच टापटीप होता.

घरी सुलाबाईंना मात्र सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत ऐकत होत्या.

"मंजी विष हाय त्या मातीत?"

"आहे. पण पाटी लावलीय ना मी."

"पाटी लावली आन् गप बसलीस?"

"थोडेच दिवस गं आई."

"मला काय कळतंय त्यातलं," सुलाबाई म्हणाल्या आणि लसणाची सालं तिथंच जमिनीवर टाकून आत गेल्या. मॅडमनी सालं उचलली नाहीत. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

समिती आली तेव्हा मॅडमच्या लेखी प्लेटा कोऱ्याच होत्या. ओळखीची मंडळी उगवून पसरली होती, नारिंगीचा पत्ता नव्हता. लॉनच्या पिवळ्या भागावर निरगुडे सरांनी पहाटेच हिरवं नकली गवत अंथरून घेतलं होतं. दुरून बघणाऱ्याला मुळीच कळलं नसतं. समितीच्या अध्यक्षा परराज्यातल्या, हिंदी बोलणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या हसतमुख बाई. पडदे, कपाटं, नवा फ्रिज, सगळं बघून त्या खूश झाल्या. "हे सगळं आमच्या पगारे मॅडमचं," सर दर खोलीत सांगत होते, आणि मॅडम दर खोलीत आणखी आणखी गप्प होत होत्या.

शेवटी वृक्षारोपण. पाहुण्यांच्या हातून झाड लावल्याशिवाय पाहुण्यांना जाऊ देतील तर ते कॉलेज कसलं? सरांनी जागा निवडली होती लॉनच्या कडेला. खड्डा तयार, बकुळीचं रोप तयार, फोटोग्राफर गुडघ्यावर, मागं ढोलपथक जोरात. दीपमाला नावाच्या विद्यार्थिनीनं खुरपं पुढं केलं. अध्यक्षाबाईंनी ते नाकारलं. मी शेतकऱ्याची मुलगी आहे म्हणाल्या, माती हातानंच ढकलणार. बांगड्या मागं सारून त्या खाली वाकल्या. दीपमालाही त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

मॅडमना त्या घटकेला कोऱ्या प्लेटा दिसल्या, शेवटची मुदतवाढ दिसली, सगळं दिसलं. आणि मग त्या ओरडल्या. चाळीस वर्षांत त्या बाईनं असा आवाज काढला नव्हता.

"हाथ मत लगाइए! दीपमाला, ऊठ! ऊठ आधी!"

ढोलपथक वाजायचं थांबलं. फोटोग्राफरनं मात्र तेवढ्यात बटण दाबलं, आणि तो फोटो अजून कॉलेजच्या ग्रुपवर फिरतो. तोंड उघडं, हात वर, एका पायात चप्पल नाही.

"मातीत क्रोमियम आहे," मॅडम म्हणाल्या. "प्लेटिंगच्या कारखान्यामागची माती आहे ही. मीच मागवली. मला कळून बरेच दिवस झाले आणि मी सांगितलं नाही. या मातीत माझा जीवाणू आहे, मला तो परत हवा होता." मग त्यांना रडू कोसळलं आणि हिंदी, मराठी सगळी एक झाली.

निरगुडे सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते काही म्हणणार तोच अध्यक्षाबाई उठल्या. त्यांनी दीपमालाला नळावर नेलं, तिचे आणि स्वतःचे हात साबणानं धुतले आणि शांतपणे सरांना सांगितलं, "आधी ही माती नियमानं उचलण्याचा फोन करा. चहा मग घेऊ."

माती दोन दिवसांत गेली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, पिंपं भरली, सीलबंद केली आणि नेली. मॅडम खिडकीतून बघत राहिल्या. जगात त्या जीवाणूचं माहीत असलेलं एकच घर होतं आणि ते त्यांनी आपल्या तोंडानं उठवलं होतं. सर त्यांच्याशी बोलत नव्हते. कॉलेजला ग्रेड मागच्या वेळचीच मिळाली. लॉन टिकलं असतं तर वरची मिळाली असती असं सरांना अजूनही वाटतं.

आठवडा उलटला. पुंजाभाऊंनी सकाळी प्रयोगशाळा उघडली आणि प्लेटांकडे नुसतं बघितलं. हात लावला नाही. मग ते धावत स्टाफरूमच्या दारात आले आणि म्हणाले, "मॅडम, एक बघा येऊन. मोहरीएवढं आहे काहीतरी."

मॅडम धावल्या. वाटेत टेबलाला ठोकरल्या, कुणाचा तरी चहा सांडला, तो तसाच टाकून धावल्या. ठिपका होता! फिकट नारिंगी, कुरतडलेल्या कडेचा, सगळ्यांच्या मागून आलेला. डीएनए पुन्हा तपासला तो तोच निघाला. मॅडमनी पुंजाभाऊंना मिठीच मारली. ते बिचारे हात हवेत धरून उभे राहिले, कारण हातमोजे ओले होते.

नळ्या या खेपेला त्याच आठवड्यात दोन देशांत रवाना झाल्या आणि दोन्हीकडं जगल्या. नावाचा घोळ फारसा झाला नाही. निरगुडे सर अबोला सोडून स्वतःच केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "कॉलेजचं नाव नको हं मॅडम. कृपा करा." मग गोदावरीचं नाव दिलं. नदीची तक्रार येणार नव्हती.

लेख परदेशी नियतकालिकाकडे गेला. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना सगळं पटलं. त्यांची एकच शंका होती. औद्योगिक प्रदूषणाची माती कॉलेजच्या लॉनमध्ये कशी पोचली, हे लेखिकेनं स्पष्ट करावं.

मॅडमनी उत्तराचं पानभर लिहिलं. ट्रॅक्टरवाला आला, वर्कशॉप आलं, तपासणीची गडबड आली, कामाचा ताण आला. मग वाचून त्यातला ट्रॅक्टरवाला खोडला. हर्षलला खोडलं. समिती खोडली. सुलाबाई पलंगावर बसून बघत होत्या. "एवढं लिहून खोडतेस कशापायी?" त्यांनी विचारलं.

"माझं नसलेलं काढतेय," मॅडम म्हणाल्या.

शेवटी दोन वाक्यं उरली. तीच छापून आली, जगातल्या एका नव्या जातीच्या जन्माच्या नोंदीखाली, मॅडमच्या नावासह: 'माती मी मागवली. ती कुठून आली हे मी विचारलं नाही.'